स्टार खेळाडू कोच होऊन कॉलेजात परततो, तेव्हा या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात बास्केटबॉलमध्ये ‘युनिव्हर्सिटी खेळलेला’ माणूस परत आला की पहिले आठ दिवस मैदानाभोवती गर्दी असते. क्रीडा कक्षातल्या कपाटावर त्याचा जुना टीम फोटो असतो, पोरांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं. पण महिन्याभरात वीस पोरांची आठ-नऊ होतात आणि इंटर-कॉलेजच्या पहिल्या फेरीत टीम घरी येते. दोष पोरांच्या मेहनतीत नसतो आणि त्याच्या हेतूतही नसतो. जे त्याच्या अंगात मुरलंय ते त्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून ते शिकवायचं राहून जातं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

करून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे

जुना खेळाडू ले-अप (धावत येऊन, रिंगजवळ उडी घेऊन टाकलेला शॉट) मारून दाखवतो आणि म्हणतो, ‘असं मारायचं.’ बारावीपर्यंत हातात बास्केटबॉल न धरलेल्या पोराला त्यातलं काय दिसतं? चेंडू रिंगमध्ये गेला, एवढंच. कोणता पाय कधी पडला, चेंडू कुठे उचलला, नजर कुठे होती, हे तीन-चार वेळा पाहूनही कळत नाही.

ले-अप शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवा. उजव्या हाताचा घेऊ. पोराला रिंगच्या उजवीकडे, बोर्डाशी ४५ अंशात उभं करा. डावा पाय पुढे, चेंडू हातात, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) नाही. डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर, चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. असे १० आत गेले की दोन पावलं जोडा : उजवं लांब, डावं आखूड, वर. त्यानंतर एक ड्रिबल आणि मग थ्री पॉइंटच्या रेषेपासून (जिच्या बाहेरून बास्केटला तीन गुण मिळतात) धावत. प्रत्येक टप्प्याला १० आत गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. डावी बाजू त्याच दिवशी, आरशासारखी उलटी. ती ‘नंतर बघू’ म्हटलं की वर्षभर येत नाही.

काँक्रीटवर खडूने दोन पावलं काढा. शेवटच्या पावलाची खूण रिंगच्या बरोबर खाली नको, साधारण सव्वा मीटर अलीकडे हवी, पोराच्या उंचीप्रमाणे अर्धा फूट मागेपुढे. मग बिघाड कुठे आहे ते पायांवरून कळतं. चेंडू रिंगच्या खालच्या बाजूला आपटतो, तर पोरगं फार आत जाऊन उडतंय. चेंडू बोर्डावरून जोरात परत येतो, तर दुसरं पाऊलही लांब पडतंय. ते आखूड असेल तरच पुढे जाणारा वेग वर वळतो. उजव्या पायावर उडी पडते, तर पोरगं ड्रिबल संपवून चेंडू उशिरा उचलतंय आणि पावलांची मोजणी एकाने सरकतेय. त्याला ‘चुकलं’ म्हणू नका, ‘उजवा-डावा-वर’ असं त्याच्याच तोंडून मोठ्याने म्हणून घ्या.

फ्री थ्रोलाही (फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारा थ्रो) हेच. ‘फॉलो-थ्रू धर’, म्हणजे चेंडू सुटल्यावरही हात तसाच ठेव, एवढ्याने काही होत नाही. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागतोय म्हणजे गुडघे वाकत नाहीत, सगळं काम हात करतोय. डावी-उजवीकडे जातोय म्हणजे कोपर बाहेर पडलंय किंवा आधाराचा हात चेंडू ढकलतोय. सपाट जातोय म्हणजे चेंडू कपाळाच्या खालून सुटतोय. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा आणि पुढचे २० थ्रो दुसऱ्या कशावरही बोलू नका.

आपल्या वेळचे नियम, आपल्या वेळचं कोर्ट

ही चूक कुणाला सहसा सांगावीशी वाटत नाही, आणि महाग तीच पडते. २००० पर्यंत सामना २० मिनिटांच्या दोन हाफचा होता आणि शॉटसाठी ३० सेकंद मिळत. आता १० मिनिटांचे चार क्वार्टर, शॉटला २४ सेकंद, आपल्या अर्ध्यातून चेंडू पुढे न्यायला ८ सेकंद. आपला शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा आपल्याकडे आला की २४ नव्हे, १४ सेकंद. २०१० मध्ये थ्री पॉइंटची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा आखलेला भाग, म्हणजे तिरका ‘डी’, सरळ आयत झाला. २०१७ पासून ‘झिरो स्टेप’ आली : धावताना चेंडू हातात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत, त्यापुढची दोन पावलं चालतात. हे माहीत नसलेला कोच सरावात पोरांच्या बरोबर पावलांवर ‘ट्रॅव्हल’ (चेंडू धरून जास्त पावलं टाकली) म्हणून शिटी वाजवतो आणि पोरं आपलं चांगलं पाऊल विसरतात.

आता मैदानाकडे बघा. ग्रामीण भागातल्या कित्येक कोर्टांवर अजून जुनाच तिरका ‘डी’ आणि ६.२५ ची रेषा रंगवलेली दिसते. त्या रेषेवरून वर्षभर थ्री मारणारं पोरगं स्पर्धेत अर्ध्या मीटरने कमी पडतं. टेप घेऊन एक संध्याकाळ द्या. कोर्ट २८ बाय १५ मीटर, कर्ण ३१.७६ मीटर, दोन्ही कर्ण सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. रिंगचा मध्य बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर असतो. त्याच्या बरोबर खालच्या बिंदूवरून ६.७५ मीटरची कमान ओढा. सुतळी ताणली की लांबते, बारीक तार वापरा. कोपऱ्यात रेषा साइडलाइनपासून ०.९० मीटरवर सरळ. ‘डी’ची रुंदी ४.९० मीटर, फ्री थ्रो रेषेची बाहेरची कड बेसलाइनपासून ५.८० मीटर. सगळ्या रेषा ५ सेंटिमीटर जाड.

रिंगची उंची पुढच्या कडेलाही मोजा. पोरं लोंबकळून रिंग पुढे झुकलेली असते, मागे ३.०५ मीटर आणि पुढे दोन बोटं कमी, असं सर्रास आढळतं. आपल्या काळ्या मातीचाही यात हात आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असलेला पोल दरवर्षी थोडा कलतो. ओळंबा लावून बघा. पोल कललेला असेल तर नुसते बोल्ट आवळून भागत नाही, पाया खोल करून घ्यावा लागतो.

सरावात स्वतः खेळू नका

पाच-पाचच्या गेममध्ये कोच उतरला की पोरं चेंडू त्यालाच देतात, त्याला अडवायला लाजतात, आणि त्याला तर बाकी नऊ जणांचं काहीच दिसत नाही. शिवाय चाळिशीच्या आसपासचा गुडघा काँक्रीटवर दोन महिने टिकत नाही. हौस असेल तर सराव संपल्यावर १० मिनिटं. गेमच्या वेळी साइडलाइनवर, वही हातात.

कबड्डीचं पोट्टं बिघडवू नका

आपल्याकडे बास्केटबॉल शिकून आलेली पोरं दोन-तीन मिळाली तरी नशीब. बाकी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलची असतात, आणि उंचीकडे बघून त्यातली अर्धी परत पाठवणं ही मोठी चूक. कबड्डीचं पोट्टं खाली वाकून, पायांवर तोल ठेवून बाजूला सरकतं, आणि डिफेन्सला नेमकं तेच लागतं. खो-खोचं पोट्टं झटक्यात दिशा बदलतं, त्याला चेंडू नेणाऱ्याच्या मागे लावा. व्हॉलीबॉलवाला उडीची वेळ बरोबर पकडतो, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू) त्याचा.

पण प्रत्येक खेळ आपली सवय घेऊन येतो. कबड्डीवाला हाताने पकडतो. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचे तीन फाउल होतात, पाचव्याला तो बाहेर. त्याचबरोबर एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो. ‘हात लावू नको’ असं ओरडून ही सवय जात नाही. त्याच्या दोन्ही हातांत दुपट्ट्याची टोकं द्या, दुपट्टा मानेमागून घेतलेला, आणि तसंच १० मिनिटं एकास एक डिफेन्स करायला लावा. हात अडकले की पाय आपोआप हलतात. दोन आठवडे रोज. मग दुपट्टा काढा आणि तळवे वर, कोपरं अंगाशी ठेवायला सांगा. व्हॉलीबॉलवाला चेंडू पकडण्याऐवजी टोलवतो. त्याला रिबाउंड दोन्ही हातांनी हनुवटीखाली आणून, कोपरं बाहेर ठेवून दोन सेकंद धरायला लावा.

डिफेन्समधली हाक आपल्या बोलीत ठेवा. ‘हेल्प साइड’, ‘स्विच’ हे शब्द समजतात, पण धावपळीत तोंडात येत नाहीत आणि पोरं मुकी खेळतात. ‘मी हावो!’, ‘डावीकून!’, ‘बदल!’ हे लगेच निघतं. बोलणारी टीम निम्मा डिफेन्स तिथेच करते.

बसचं वेळापत्रक, शेताचं वेळापत्रक

जुना खेळाडू बहुधा हॉस्टेलला राहून सकाळ-संध्याकाळ खेळलेला असतो. आजची पोरं गावाहून अप-डाऊन करतात. सराव शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी संपला पाहिजे. ७५ मिनिटांचा नेमका सराव पुरतो. १० मिनिटं अंग गरम करणं, २० चेंडूवरचं काम, १५ डिफेन्स, २० गेम, ५ फ्री थ्रो, ५ अंग मोकळं करणं. फ्री थ्रो दमल्यावरच घ्या, सामन्यातही ते दमल्यावरच येतात.

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागली की पोरं गैरहजर राहणार. त्याला बेशिस्त समजून टीममधून काढणारा कोच स्पर्धेच्या तोंडावर सहा जणांवर येतो. कोणाच्या घरी कधी काम आहे ते आधीच विचारून वहीत लिहा, त्या आठवड्यात नवं काही शिकवू नका. परत आलेल्या पोराला पहिले दोन दिवस अर्धाच सराव. वाकून-वाकून त्याची कंबर आखडलेली असते.

दम वाढवायला मैदानाला दहा फेऱ्या, हा जुना रिवाज सोडा. बास्केटबॉलचा दम तुकड्यांचा असतो. बेसलाइन ते बेसलाइन आणि परत, म्हणजे ५६ मीटर, १२ ते १४ सेकंदांत. मग ४० सेकंद थांबा. असे ६, आठवड्यातून तीन वेळा. काँक्रीटवर उड्यांचं काम आठवड्यातून दोनदाच ठेवा. नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबून दुखत असेल तर त्या पोराच्या उड्या बंद करा, ‘सहन कर’ म्हणू नका.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सराव सकाळी ६ ते ७:१५. संध्याकाळी काँक्रीट अंधार पडेपर्यंत आग ओकत असतं. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सुट्टीवरून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण सराव देऊ नका. दर १५ मिनिटांनी पाणी. एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, हे कॅनमध्ये तयार असू द्या. पोरगं बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, तर लगेच सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आपल्यासारखा एक शोधणं

प्रत्येक जुन्या स्टारला टीममध्ये एक पोरगं ‘आपल्यासारखं’ दिसतं आणि सगळा खेळ त्याच्याभोवती बांधला जातो. समोरच्या टीमने त्याच्यावर दोन माणसं लावली की बाकीचे चार उभे राहून बघतात. वहीत दोन रकाने आखा : कुणी किती शॉट घेतले, कुणी किती पास दिले. टीमच्या ५० शॉटपैकी २५ एकाचेच असतील तर सरावाच्या गेममध्ये नियम घाला की तीन पासनंतरच्या बास्केटला दुप्पट गुण. दोन आठवड्यांत आकडे हलतात. त्या पोराला बाजूला घेऊन कारणही सांगा, नाहीतर त्याला शिक्षा वाटते.

डीपीई सरांना डावलू नका

कॉलेजात टीमची जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकांची, म्हणजे डीपीई सरांची. खेळाडूंचे फॉर्म, वयाचे दाखले, प्राचार्यांची सही, प्रवासखर्चाचं बिल, सगळं त्यांच्याकडून जातं. त्यांनीच तुम्हाला एके काळी घडवलं असेल, तर पोरांसमोर त्यांची पद्धत ‘जुनी’ म्हणणं फारच वाईट. टीम निवडताना यादी आधी त्यांना दाखवा. पात्रतेचे कागद स्पर्धेच्या महिनाभर आधी एकत्र बसून तपासा; एका पोराचा फॉर्म अडकला की आखलेला सगळा खेळ कोलमडतो.

मुलींच्या टीमला उरलेला वेळ आणि उरलेले चेंडू देऊ नका. त्यांना ६ नंबरचा चेंडू लागतो, मुलांचा ७ नंबरचा नाही. गावच्या गाड्या लवकर सुटतात, म्हणून त्यांचा सराव आधी, मुलांचा नंतर.

सामन्याच्या दिवशी

टाइम-आउट एक मिनिटाचा. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन. जुना खेळाडू त्या मिनिटात सात गोष्टी सांगतो, पोरांच्या डोक्यात एकही राहत नाही. पहिले १५ सेकंद त्यांना बसू द्या, पाणी पिऊ द्या, तुम्ही गप्प. मग डिफेन्सची एक गोष्ट, अटॅकची एक, आणि शेवटी एका पोराकडून ती परत म्हणून घ्या.

बाहेर काँक्रीटवर घासलेल्या रबरी चेंडूने सराव केलेली टीम हॉलमध्ये गुळगुळीत मॅचच्या चेंडूने खेळते आणि पहिल्या क्वार्टरमध्ये पास हातातून सुटतात. एक चांगला मॅच बॉल वेगळा ठेवा आणि शेवटचे दोन आठवडे त्यानेच खेळा. हवा तपासायला १.८ मीटरवरून सोडा. चेंडूचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत उसळला पाहिजे. हॉलमध्ये धुळीच्या बुटांनी जाऊ नका, तळवे ओल्या फडक्याने पुसून मगच आत. अर्धा तास आधी पोहोचा आणि वॉर्म-अपमध्ये दोन्ही रिंगांवर प्रत्येकाकडून पाच-पाच फ्री थ्रो मारून घ्या. कोणती रिंग कडक आहे, कोणती चेंडू झेलते, ते पोरांच्या हाताला आधीच कळलेलं असतं.