एसीची हवा काचेवरच येते? जुन्या इकोनोलाइनमधली व्हॅक्यूमची गळती अशी शोधा

एसी चालू आहे, नॉब समोरच्या जाळ्यांवर आहे, पंखाही जोरात फिरतोय, पण हवा सगळी पुढच्या काचेवर. 1990 च्या दशकातल्या फोर्ड इकोनोलाइन व्हॅनचं हे नेहमीचं दुखणं. अशा वेळी गॅस भरून घेण्याची किंवा डॅशबोर्ड उतरवण्याची घाई करू नका. हवेला वाट करून देणाऱ्या झडपा हलत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ, आणि पुष्कळदा त्यामागे बोटभर रबरी नळी फाटलेली असते.

या झडपा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्याने होणाऱ्या कमी दाबावर चालतात. इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावरून) निघालेली नळी चेक व्हॉल्व्हमधून, म्हणजे हवा एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेतून, प्लास्टिकच्या टाकीला जाते. पुढे एक काळी नळी नॉबच्या मागच्या स्विचला येते आणि तिथून रंगीत नळ्या एकेका झडपेच्या डबीला जातात. डबीत रबरी डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा असतो. व्हॅक्यूम मिळाला की तो दांडी आत ओढतो, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग झडप मागे लोटते. व्हॅक्यूम नसेल तेव्हा हवा काचेकडेच जावी, अशी रचना मुद्दाम केलेली आहे. बिघाड झाला तरी थंडीत काचेवर धुकं धरू नये, हा हेतू. डिझेल व्हॅनमध्ये मॅनिफोल्डला कामापुरता व्हॅक्यूम नसतो, तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तपासणी त्या पंपापासून सुरू करा.

हत्यारांना हात लावण्याआधी लक्षण नीट पाहा. नॉब कुठेही फिरवला तरी हवा काचेवरच येत असेल, तर मुख्य पुरवठाच तुटलाय. सपाट रस्त्यावर सगळं ठीक, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की हवा काचेकडे पळते आणि पाय उचलला की परत येते, असं होत असेल तर चेक व्हॉल्व्ह किंवा टाकी पाहा. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, आणि तेवढा वेळ भागवायलाच ती टाकी असते. नॉबच्या एकाच जागी गडबड होत असेल आणि तिथेच डॅशमागून ‘स्स्स’ ऐकू येत असेल, तर त्या फांदीची नळी किंवा डबी गळतेय. मॅक्स एसीवर पंख्याचा आवाज वाढला नाही, तर बाहेरची हवा अडवून आतलीच फिरवणारी झडप जागेवर जात नाहीये. गरम-थंडचा नॉब मात्र या भानगडीत धरू नका, त्याची झडप वेगळ्या यंत्रणेवर चालते.

एक चाचणी बिनहत्याराची आहे. इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवा आणि बंद करा. चावी परत ऑनवर आणून पंखा लावा, नॉब समोरच्या जाळ्यांवर ठेवा. पुरवठा धड असेल तर टाकीतल्या व्हॅक्यूमवर हवा काही मिनिटं समोरूनच येत राहते. काही सेकंदांत काचेकडे गेली, तर गळती नक्की आहे.

आता हातपंप आणि गेज घ्या. गेज असलेला साधा हाताचा व्हॅक्यूम पंप या कामाला पुरतो. इंजिनाचा बराच भाग केबिनमधल्या झाकणाखाली, म्हणजे डॉगहाउसखाली असतो, त्यामुळे तेही काढावं लागेल. इंजिन गार असतानाच काढा. मॅनिफोल्डवरच्या नळीला गेज लावून इंजिन चालू करा. समुद्रसपाटीला आयडलवर साधारण 17 ते 21 इंच पारा (व्हॅक्यूमचं माप) दिसला पाहिजे. दर 1000 फुटांना सुमारे 1 इंच कमी धरा, म्हणजे डेन्व्हरसारख्या उंच गावात 13-14 इंच दिसले तरी घाबरायचं कारण नाही. मग गेज चेक व्हॉल्व्हच्या पुढे, टाकीच्या पुढे आणि शेवटी काळी नळी केबिनमध्ये शिरते तिथे लावा. आकडा जिथे पडतो, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष.

चेक व्हॉल्व्ह काढण्याआधी कोणती बाजू इंजिनाकडे आहे ती खूण करून ठेवा. उलटा बसला तर झडपांना व्हॅक्यूम मिळतच नाही. हवा त्यातून फक्त इंजिनाच्या दिशेने गेली पाहिजे. टाकीचं एक तोंड बंद करून दुसऱ्यावर 15-20 इंच ओढा. मिनिटभर काटा हलता कामा नये. टाकी बहुधा जोडावर चिरते नाहीतर तोटीच्या मुळाशी.

रबरी कोपऱ्यांवर जास्त वेळ द्या. तेलाची वाफ आणि उष्णता खाऊन ते मऊ, चिकट होतात. वरून धड दिसतात, पण बोटाने दाबले की खालच्या बाजूची चीर उघडते. बॅटरीजवळून जाणाऱ्या कडक प्लास्टिकच्या नळ्या ठिसूळ होऊन काडीसारख्या मोडतात, म्हणून त्या वाकवू नका. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही: बुडबुडे दाबाखाली येतात, इथे तर पाणी आत ओढलं जातं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा ज्वलनशील फवारा) मारून गळती शोधणं म्हणजे आगीला आमंत्रण, ते करूच नका.

इंजिनाकडचं सगळं धड निघालं तरच डॅशकडे वळा. एअरबॅग असलेल्या गाडीत आधी बॅटरीची ऋण तार काढून थोडं थांबा. नॉबचं पॅनल पुढे ओढलं की मागे अनेक रंगांच्या नळ्यांचा एक चपटा प्लग दिसतो. तो सरळ ओढून काढा आणि काळी सोडून एकेक भोक हातपंपाने तपासा. दांडी सरकली आणि 15 इंच टिकले, तर ती फांदी ठीक. दांडी सरकते पण काटा पडतो, तर नळी गळतेय किंवा डायफ्रॅम फाटलाय. थेट डबीवर पंप लावला की कोण ते कळतं. काही डब्यांना दोन तोट्या असतात, एक अर्ध्या चालीची आणि एक पूर्ण चालीची, दोन्ही तपासा. सगळ्या फांद्या टिकल्या आणि काळ्या नळीत व्हॅक्यूम पोचतोय, तर दोषी उरतो स्विच. तो उघडून दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

दुरुस्ती सोपी आहे. नळीचं ठिसूळ टोक 1 सेंटिमीटर कापा आणि जोडावर जाड भिंतीच्या व्हॅक्यूम होजचा 4-5 सेंटिमीटरचा तुकडा घट्ट सरकवा. आतला व्यास नळीवर मापूनच घ्या. मत्स्यपेटीची पारदर्शक नळी लावू नका, इंजिनाच्या उष्णतेत ती मऊ पडून चपटी होते. सिलिकॉन आणि चिकटपट्टीने चार दिवस भागतं, मग पुन्हा तेच.

1996 किंवा त्यानंतरच्या गाडीत पी0171 किंवा पी0174 हा बिघाडाचा कोड (इंधनाच्या मानाने हवा जास्त) दिसत असेल, तर ही गळती इंजिनालाही बाधत असण्याची शक्यता आहे, म्हणून काम झाल्यावर कोड पुसून पाहा. मग व्हॅन एखाद्या लांब चढावर न्या आणि ॲक्सिलरेटर सलग वीसएक सेकंद दाबून ठेवा. हवा शेवटपर्यंत समोरच्या जाळ्यांतूनच आली, तर डॉगहाउसच्या कड्या पक्क्या लावायला हरकत नाही.