उद्योजकता सगळ्या विद्यापीठात न्यायची आहे? मग या चुका टाळा

कॉलेजात इनोव्हेशन सेलची (विद्यार्थ्यांच्या नवकल्पना आणि उद्योगांसाठीच्या कक्षाची) पाटी लागते, फीत कापली जाते, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो पोर्टलवर चढतो. दोन वर्षांनी त्याच खोलीत परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दिसतात. महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

नियमांची अडचण आता उरलेली नाही. २०१८ पासून केंद्र सरकारच्या इनोव्हेशन सेलने संस्थांमध्ये इनोव्हेशन कौन्सिल काढायला सुरुवात केली, २०१९ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आलं. त्यानंतर नव्या शैक्षणिक धोरणाने ओई (खुला ऐच्छिक विषय), एसईसी (कौशल्याचा कोर्स), फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (कामावरचं प्रशिक्षण) अशा बकेटा, म्हणजे अभ्यासक्रमातले ठरलेले कप्पे, दिले. तरीही बीए मराठीच्या किंवा बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापर्यंत यातलं फार थोडं पोचतं. ते कुठे अडतं आणि काय केलं की सुटतं, ते पाहू.

इमारत बांधली म्हणजे विस्तार झाला असं समजणं

आपली विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांची आहेत. विद्यार्थी तालुक्याच्या गावी शिकतो आणि इन्क्युबेशन सेंटर (नव्या उद्योगांना जागा आणि यंत्रं देणारं केंद्र) विद्यापीठाच्या आवारात असतं. कळवण किंवा अकोले तालुक्यातल्या मुलीने थ्रीडी प्रिंटर बघायला पुण्यात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठात यायचं, तर एक दिवस जायला, एक यायला, आणि घरून परवानगी मिळाली तर. आवारातल्या पदव्युत्तर विभागांना केंद्राचा उपयोग होतो. बाकीच्यांसाठी तिथे जाणं हा सहलीचा कार्यक्रम होऊन बसतो.

यंत्रांची गरज विद्यार्थ्याला फार उशिरा लागते. सुरुवातीला त्याला हवं असतं आठवड्यातून एकदा भेटणारं माणूस, एक टेबल, थोडे पैसे आणि आपल्याच गावातलं गिऱ्हाईक. एवढं तालुक्याच्या ठिकाणी नक्की जमतं. २०१९ च्या धोरणात संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान १ टक्का रक्कम या कामासाठी ठेवावी असं म्हटलं आहे. त्यातले पैसे बॅनर आणि शालींवर न घालवता चार-पाच गटांना सुरुवातीच्या मालासाठी दोन-दोन हजार द्या. हिशेब मात्र पावत्यांसकट मागा.

केंद्र कॉलेजात असेल तर त्याच्या वेळाही बघा. 'संध्याकाळी पाच ते आठ' अशी पाटी लावली की शेवटची एसटी पकडणाऱ्या सगळ्या मुली आपोआप बाद होतात. मग अहवालात 'विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प' असं वाक्य येतं.

'उद्योजकता विकास' नावाचा लेखी पेपर

विस्ताराचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निष्फळ मार्ग म्हणजे दोन क्रेडिटचा (श्रेयांकांचा) सक्तीचा थिअरी पेपर. व्याख्या, वैशिष्ट्यं, अर्थशास्त्रज्ञ शुंपीटर, मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड आणि शेवटी 'उद्योजकाचे गुण सविस्तर लिहा, गुण १०'. मॅक्लेलंडची कर्तृत्वप्रेरणा मुलं पाठ करतात. पण त्याने साठच्या दशकात आपल्या देशातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना प्रशिक्षण देऊन ती तपासली होती, हे गाइडात सहसा नसतं. सिद्धांत तेवढा राहिला आणि प्रयोग गळाला.

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला ३०. म्हणजे तोच दोन क्रेडिटचा कोर्स अभ्यास मंडळाने (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने) प्रात्यक्षिक म्हणून मांडला, तर हातात ६० तास येतात. साठ तासांत तीन-चार जणांचा गट एखादी वस्तू किंवा सेवा करून, अनोळखी माणसाला विकून, परत येऊन किंमत बदलू शकतो. मूल्यमापनाची भीती वाटायचं कारण नाही. जर्नल तपासायची सवय विज्ञान शाखेला आहेच. इथे जर्नलमध्ये गिऱ्हाइकांशी झालेल्या बोलण्याच्या तारीखवार नोंदी, खर्चाच्या पावत्या आणि 'काय बदललं, का बदललं' हे पान असेल. नफा झाला का यावर गुण ठेवू नका. ठेवलेत की मुलं मावशीकडून पैसे आणून विक्री दाखवतात.

वेळापत्रक न बघता आंतरविद्याशाखीय कोर्स सुरू करणं

ओईची अट अशी की तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा हवा. उद्योजकतेसाठी ही सोन्यासारखी संधी आहे, कारण एका वर्गात रसायनशास्त्राची, वाणिज्यची आणि मराठीची मुलं बसू शकतात. प्रत्यक्षात कला-वाणिज्य सकाळी भरतं, विज्ञान दुपारी. सकाळचा विद्यार्थी साडेअकराला कामावर जातो, दुपारचा तेव्हा कॉलेजात शिरतो. दोघं फाटकात भेटतात. शेवटी प्रत्येक शाखा आपापला 'उद्योजकता ओई' काढते आणि वर्ग पुन्हा एकजिनसी होतो.

यावर उपाय प्राचार्यांच्या हातात आहे, समन्वयकाच्या (सेल सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या) नाही. दोन्ही सत्रांच्या सांध्यावरचे दोन तास, आठवड्यातून एकदा, सगळ्या शाखांना मोकळे ठेवा. साडेअकराला ज्यांना कामावर जायचं आहे, त्यांचं काम हाच त्यांचा प्रकल्प धरा. ज्या दुकानात मुलगा काम करतो तिथली एखादी अडचण त्याने सोडवली, तर वर्गातल्या कुठल्याही पीपीटीपेक्षा ते सरस आहे.

कला शाखेला टाळ्यांपुरतं बोलावणं, विज्ञान शाखेला विक्रीपासून वाचवणं

सभागृह भरायला बीएचे वर्ग आणले जातात आणि स्पर्धेत अभियांत्रिकीचे गट उतरतात. अमेरिकेत कॉफमन फाउंडेशनने २००३ मध्ये आठ विद्यापीठांना मोठा निधी दिला, तो उद्योजकता शिक्षण मॅनेजमेंट आणि इंजिनीअरिंगच्या कुंपणाबाहेर न्यावं म्हणूनच. आपल्याकडे त्यासाठी परदेशी निधीची वाट बघायला नको, कारण विषयातच पुरेसा माल आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला मुद्रितशोधन, उपशीर्षकं, दिवाळी अंकांची निर्मिती. इतिहासाला वारसा फेरी. भूगोलाला जीआयएस (संगणकीय) नकाशे. रसायनशास्त्राला पाणी-माती तपासणी.

विज्ञान शाखेचं दुखणं वेगळं आहे. तिथे वस्तू तयार होते, पण प्रयोगशाळेबाहेर जात नाही. धिंगरी अळंबीचं उदाहरण घ्या. कितीतरी महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र विभाग ती प्रात्यक्षिक म्हणून करतो. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, थर देत बियाणं पेरून पिशव्या बांधायच्या, तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी. मग अळंबी स्टाफरूममध्ये येते, सर-मॅडम कौतुकाने पाव-पाव किलो घेतात, आणि 'विद्यार्थ्यांनी केली विक्री' अशी बातमी जाते.

स्टाफरूममध्ये विकलेला माल ही विक्री धरू नका. शिक्षक प्रॅक्टिकलचे गुण देणारे, म्हणून विद्यार्थी खरी किंमत सांगत नाही. शिक्षकांना मुलाचं मन मोडवत नाही, म्हणून तेही खरं मत सांगत नाहीत. हाच गट गावातल्या दोन खानावळींत आणि एका भाजीवाल्याकडे गेला की खरे प्रश्न सुरू होतात. ताजी अळंबी साध्या हवेत दिवसा-दोन दिवसांत मलूल पडते, मग रोज थोडी काढायची की एकदम? खानावळवाला म्हणतो, 'दर मंगळवारी द्याल का?' आणि गटाला कळतं की आपल्या पिशव्या एकाच दिवशी बांधल्यामुळे सगळ्या एकदमच येणार. पुढच्या वेळी पिशव्या टप्प्याटप्प्याने बांधायच्या, हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का बसतो.

हिशेबही तिथेच उघडा पडतो. मुलं बियाणं, काड, पिशव्या धरतात. हिरवी बुरशी लागून फेकलेल्या पिशव्या धरत नाहीत, स्वतःची मजुरी धरत नाहीत, कॉलेजची वीज-पाणी तर फुकटच. आनंद मेळाव्यातल्या पाणीपुरीचंही तेच असतं: गॅस घरचा, चटणी आईच्या हातची, आणि नफा शंभर टक्के. जर्नलमध्ये 'फुकट मिळालेल्या गोष्टी' असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यांची बाजारातली किंमत लिहायला लावा. अर्धा नफा तिथेच गळतो, आणि त्यातूनच पुढचा विचार सुरू होतो.

आकडा दाखवायला कंपन्या काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती विद्यार्थ्याला महागात पडते. स्टार्टअप इंडियाची मान्यता एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मिळत नाही. भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), प्रायव्हेट लिमिटेड असं काहीतरी लागतं. त्यामुळे अहवालात 'नोंदणीकृत स्टार्टअप' वाढवायचे, तर शेवटच्या वर्षातल्या मुलांना प्रायव्हेट लिमिटेड काढायला सांगितलं जातं. उत्साहात दोन मित्र डायरेक्टर होतात, परीक्षा संपते, एक पुण्याला नोकरीला, दुसरा एमपीएससीला.

कंपनी मात्र कागदावर जिवंत असते. एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी लेखापरीक्षक नेमावा लागतो, दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले की ७३ हजार. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, म्हणजे पुढे खरोखर काही उभं करायची वेळ आली तरी हात बांधलेले. एवढं सगळं कॉलेजच्या एका रकान्यासाठी.

आधी विक्री, मग नोंदणी, हा क्रम पाळा. पहिल्या टप्प्यात एकट्याच्या मालकीचा धंदा, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी; ती मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं एजंटांची असतात) आणि खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी पुरते. भागीदारांमध्ये हिस्सा वाटायची किंवा बाहेरचा पैसा घ्यायची वेळ आली की कंपनीचा विचार करा. आधीच काढून ठेवली असेल आणि काम बंद असेल, तर पदवीआधी सीएला भेटून ती रीतसर बंद करण्याचा अर्ज करून टाका.

पेटंटची मोजणी

'प्रकाशित पेटंट' हा शब्दप्रयोग अहवालांत फार दिसतो. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो प्रकाशित होतोच. मंजुरी ही पूर्ण वेगळी पायरी आहे आणि तिच्यासाठी तपासणीची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. पण खरं नुकसान उलट्या बाजूने होतं. मुलं 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात पोस्टर लावून सगळं यंत्र उघडं करतात, बक्षीस मिळतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, आता पेटंट घेऊ. तोवर नावीन्यावर प्रश्नचिन्ह लागलेलं असतं. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती अधिसूचित प्रदर्शनं, विद्वत संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना. तिच्या भरवशावर राहू नका. स्पर्धेच्या आधी तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करा. विद्यार्थ्याच्या नावाने ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

मालकीचं बोलणंही आधीच करा. २०१९ च्या धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेचा पैसा आणि साधनं मोठ्या प्रमाणात वापरून झालेलं काम संस्था व शोधकाच्या संयुक्त मालकीचं. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर, स्वतःच्या साधनांनी केलेलं पूर्णपणे त्याचं. मार्गदर्शकाचं नाव 'पद्धत म्हणून' पहिलं टाकणं कुठल्याही धोरणात बसत नाही.

समन्वयक म्हणजे जो नाही म्हणू शकत नाही तो

हे काम सहसा सगळ्यात कनिष्ठ शिक्षकाकडे येतं, कित्येकदा तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक मानधन मिळणाऱ्या). तो एप्रिलमध्ये जातो आणि त्याच्याबरोबर खानावळवाल्याचा नंबर, मुलांच्या नोंदी, पोर्टलचा पासवर्डही जातो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात. त्यातले दोन या कामाचे धरल्याशिवाय ते रविवारी, घरून, नाइलाजाने होणार. प्रात्यक्षिक कोर्स करण्याचा हाही फायदा आहे: ते तास मुळातच कार्यभारात मोजले जातात. शक्य असेल तिथे कायम शिक्षक आणि तासिकेवरचा शिक्षक अशी जोडी नेमा.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली 'कमवा व शिका' योजना आपल्या आवारात चालू असते. तिथली मुलं-मुली रोज काम करून पैसे कमावतात, वेळ आणि पैसा मोजून वापरतात. इनोव्हेशन सेलच्या यादीत मात्र त्यांचं नाव नसतं, कारण स्पर्धेला यायला त्यांना सुट्टी नसते. त्यांच्या कामाच्या तासांतले काही तास स्वतःच्या उपक्रमासाठी धरता येतील का, हे विद्यार्थी विकास मंडळाला एकदा लेखी विचारा.

जूनपासून बदल हवा असेल तर फेब्रुवारीच्या आत अभ्यास मंडळाकडे मसुदा गेला पाहिजे, कारण पुढे विद्याशाखा आणि विद्वत परिषदेच्या मंजुरीचा फेरा असतो. एकदम सगळ्या महाविद्यालयांचा आग्रह धरू नका. वेगवेगळ्या शाखांचे, शिकवायला तयार असलेले तीन विभाग शोधा, त्यांच्या प्रमुखांची सही घ्या, आणि मसुद्यासोबत जर्नलचा नमुना आणि गुणदानाचा तक्ता जोडा. तो तक्ता नसला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, 'मग पेपर कसा काढायचा?', आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.