मामांची गिरणी फोनवर दिसायला लागली, त्याची गोष्ट आणि कृती

मार्च लागला की कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या मामांच्या गिरणीत मिरचीचा ठसका पार रस्त्यापर्यंत येतो. एका अंगाला दळण, दुसऱ्या अंगाला चटणीचं कांडप. जुनं गिऱ्हाईक पक्कं, पण पेठेत नव्यानं राहायला आलेली माणसं फोनवर ‘जवळची गिरणी’ शोधायची आणि मामांचं नावच यायचं नाही. मग गिरणीचं गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि मॅप्सवर दिसणारी दुकानाची नोंद, करायचं काम मी हातात घेतलं. एक रुपया लागला नाही.

आधी गूगल मॅप्सवर आपल्या दुकानाचं नाव शोधा. कधी कुणी गिऱ्हाइकानंच ते टाकलेलं असतं. तसं असेल तर दुसरं बनवू नका, त्याचीच मालकी मागा. आणि खातं मालकाच्याच जीमेलवर हवं. मी मामांच्या ईमेलवर उघडलं आणि मला मॅनेजर म्हणून जोडून घेतलं. दुसऱ्याच्या खात्यावर दुकान अडकलं की सोडवताना जीव जातो.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. ‘कोल्हापुरातील सर्वोत्तम मिरची कांडप’ असं शेपूट जोडायचा मोह होतो, पण ते नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. धंद्याचा मुख्य प्रकार एकच निवडता येतो, तो नेमका निवडा. आम्ही ‘फ्लोअर मिल’ घेतला. बाकीचं सेवांच्या यादीत लिहायचं, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दांत. मी दोन दिवस गल्ल्याशेजारी बसून बायका काय विचारतात ते वहीत टिपलं: चटणी कुटून मिळंल का, भाजणी दळता का, नाचणी वेगळी दळता का. तेच शब्द यादीत गेले.

आता पिन, म्हणजे नकाशावरची दुकानाची खूण. यात आम्ही चुकलो होतो. आमची पिन मागच्या बोळात पडली होती आणि एक आजी मिरचीचं बोचकं घेऊन भर उन्हात वळसा घालून आल्या. मला फार वाईट वाटलं. उपग्रहाचं चित्र मोठं करून पिन बरोबर दारावर आणली, मग स्वतः मुख्य रस्त्यावरून मॅप्स सांगेल तसं चालत आले. तुम्हीही चालून बघाच.

दुकान खरंच आपलं आहे ना, या पडताळणीसाठी गूगलनं आम्हाला व्हिडिओ मागितला. न थांबता एकाच दमात काढायचा: आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग आपली पाटी, मालक किल्लीनं शटर उघडतोय, आत चक्की नि कांडप यंत्र. गिऱ्हाइकांचे चेहरे येऊ देऊ नका. दिवस उजाडल्यावर लगेच काढलेला बरा.

अभिप्राय मागायला लाजू नका. प्रोफाइलमधून त्याचा क्यूआर कोड मिळतो. तो छापून काट्याशेजारी चिकटवला. गरम चटणीचा डबा हातात देताना मामा म्हणतात, “वहिनी, कशी झाली ते लिहा बरं का.” त्या बदल्यात सूट मात्र देऊ नका, गूगलला ते चालत नाही. आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला दोन ओळींचं उत्तर द्या. तक्रार असेल तर आधी तिला.

‘पैसे द्या, पहिल्या नंबरवर आणतो’ असे फोन येतील. फोन ठेवून द्या. गूगल क्रम लावताना शोध किती जुळतो, दुकान किती लांब आहे आणि किती परिचित आहे हे बघतं. या यादीतला वरचा नंबर पैशानं मिळत नाही. अंतर धरलं जातं म्हणून गिरणीत बसून शोधलं की आपण वरच दिसतो, त्यावर जाऊ नका. म्हणून मी शहराच्या दुसऱ्या भागात, राजारामपुरीत राहणाऱ्या मावशीला शोधायला सांगते. महिन्यातून एकदा प्रोफाइलच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात लोक कोणते शब्द टाकून आले तेही बघते.

वेळा मात्र जिवापाड सांभाळा. दिवाळीआधी भाजणीसाठी मामा रात्री दहापर्यंत गिरणी चालू ठेवतात, पाडव्याला बंद. या खास वेळा मी वसुबारसेच्या आठ दिवस आधीच भरून टाकते.