चेसिस नंबर वाचायचा कसा, जुनी बाइक घ्यायला निघालात तर आधी हे बघा

मागच्या महिन्यात मामाचा पोरगा निफाडहून आला आणि म्हणे दादा, नाशिकला सिडकोत एक स्प्लेंडर बघून ठेवलीय, २०२० ची आहे, बीएस सिक्स (म्हणजे धुराच्या नव्या नियमातली), मालक पंचावन्न हजार म्हणतोय पण पन्नासला देईल, तू फक्त एक राउंड मारून बघ. म्हटलं राउंड नंतर, आधी चेसिस नंबर बघू, म्हणजे फ्रेमवर ठोकलेला गाडीचा ओळख नंबर. तो म्हणे त्यात काय बघायचं, आरसीवर आहे की. मग त्याला तिथंच उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण 'आरसीवर आहे की' म्हणणारे लय भेटतात.

नंबर आरसीवरून नाही, लोखंडावरून वाचायचा. बहुतेक मोटरसायकलला हँडलच्या खाली, जिथं पुढचे शॉकअप फ्रेमला बसतात, तिथल्या जाड पाइपवर तो ठोकलेला असतो, बऱ्याचदा उजव्या बाजूला. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, वायरी जरा बाजूला सारा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून नाही तर तिरका मारा, सावली पडली की अक्षरं उठून दिसतात. स्कूटरला जागा वेगळी असते, फूटबोर्डच्या आसपास किंवा सीटखाली, गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आणि इंजिन नंबर वेगळा बरं का, तो इंजिनच्या खालच्या खोक्यावर असतो, दोन्हीत गल्लत करू नका.

आपल्याकडच्या गाड्या म्हणजे बागेत फवारणीचं औषध वाहणाऱ्या, कांद्याच्या सीझनला गोण्या वाहणाऱ्या, त्यामुळे नंबरवर माती, ग्रीस आणि गंज यांचा थर असतोच. जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या आणि फडक्याने पुसा, एवढ्यात होतं. पॉलिश पेपर मारू नका. मी एकाला घासताना बघितलंय, नंबर दिसायला लागला पण बाजूला अशा रेघा उठल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला वाटणार कोणीतरी नंबर खोडला.

आता मोजा. १७ भरले पाहिजेत, अक्षरं आणि आकडे मिळून. १६ आले तर परत मोजा, कुठंतरी मातीखाली एक दडलेलं असतं. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे तुम्हाला ओ दिसला तर ते शून्यच आहे, आणि कोणी कागदावर ओ लिहून दिला असेल तर त्याने बघून लिहिलेलं नाही. हा १७ चा नियम जगभर एकच आहे, आयएसओ ३७७९ नावाचं स्टँडर्ड आहे त्याचं.

पहिली तीन अक्षरं म्हणजे गाडी कोणी बनवली ते. आपल्या देशातल्या गाड्यांची सुरुवात एम ने होते. एमबीएल असेल तर हिरो, एमडी२ म्हणजे बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमई४ होंडा, एमई३ रॉयल एनफिल्ड, एमई१ यामाहा, एमबी८ सुझुकी. टाकीवर स्टिकर एका कंपनीचं आणि फ्रेमवर तीन अक्षरं दुसऱ्याच कंपनीची असं निघालं तर तिथूनच परत फिरा, चहासुद्धा घेऊ नका.

चौथ्यापासून नवव्यापर्यंत मॉडेलचा भाग. यात कुठलं इंजिन, कुठला व्हेरिएंट हे कंपनीच्या कोडमध्ये असतं आणि प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, पाठ करायची गरज नाही. उपयोग होतो तो पार्ट घेताना. एकाच नावाची बाइक दहा-पंधरा वर्षं चालते, मधे कार्ब्युरेटर बदलतो, वायरिंग बदलतं, आणि आपण दुकानात जाऊन नुसतं नाव सांगितलं की दुकानदार डोकं खाजवतो. चेसिस नंबरचा फोटो दाखवा, कंपनीच्या पार्ट काउंटरला तर हमखास दाखवा, दोन चकरा वाचतात.

नववं अक्षर जरा मजेशीर आहे. अमेरिका आणि कॅनडात ते चेक डिजिट असतं, म्हणजे बाकीच्या सोळांवरून गणित करून काढलेलं, एक अक्षर चुकलं तरी पकडलं जातं. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, कंपन्या ती जागा आपापल्या कामाला वापरतात. हे सांगायचं कारण म्हणजे लोक परदेशी वेबसाइटवर आपला नंबर टाकतात, तिथं लाल अक्षरात चुकीचा नंबर म्हणून येतं आणि मग गाडी चोरीची आहे का म्हणून फोन करतात. नाही रे बाबा, ती वेबसाइट त्यांच्या नियमाने तपासते.

आता दहावं अक्षर, खरा माल इथं आहे. हे वर्ष सांगतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे, मग २०१० ला ए, २०११ बी, २०१२ सी, असं पुढं जात २०१७ ला एच. आय नाही म्हणून २०१८ जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन. ओ नाही म्हणून २०२३ पी, क्यू नाही म्हणून २०२४ आर, मग २०२५ एस आणि २०२६ टी. वर्षासाठी यू, झेड आणि शून्यसुद्धा वापरत नाहीत, म्हणून हे चक्र बरोबर ३० वर्षांनी फिरतं, ए म्हणजे १९८० पण आणि २०१० पण. अमेरिकेत हे मॉडेल इयर असतं, आपल्याकडे साधारण गाडी ज्या वर्षी बनली ते. जुन्या काही गाड्यांवर मात्र कंपनीचा स्वतःचाच कोड सापडतो, या हिशोबाने भलतंच वर्ष निघतं, तेव्हा घाबरू नका, आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं त्याच्याशी ताडून बघा.

महिनासुद्धा नंबरात असतो पण त्याची जागा कंपनीप्रमाणे बदलते. हिरोच्या गाडीत दहावं वर्ष, अकरावं कुठल्या प्लँटमध्ये बनली ते आणि बारावं महिना. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं मोजत जायचं, आय गाळायचा, म्हणजे एच ऑगस्ट, जे सप्टेंबर आणि एम डिसेंबर. बजाजमध्ये अकराव्या जागी डब्ल्यू असेल तर वाळूज, सी म्हणजे चाकण, पी म्हणजे पंतनगर. शेवटचे आकडे नुसता सिरीयल नंबर. आणि एखाद्याकडे जुनी हिरो होंडा असेल, सतरा अक्षरं भरत नसतील, तर गाडी खोटी नाही. त्या काळच्या नंबरात सुरुवातीचे दोन आकडेच वर्ष असायचे आणि लगेच पुढचं अक्षर महिना.

तर सिडकोतल्या त्या स्प्लेंडरचं काय, दहावं अक्षर निघालं के आणि बारावं एल. म्हणजे नोव्हेंबर २०१९. मालक म्हणे आरसी बघा, जानेवारी २०२० आहे. बरोबर आहे त्याचं, रजिस्ट्रेशन जानेवारीचंच होतं, गाडी शोरूममध्ये दोन महिने उभी होती. पण बीएस सिक्स कुठून आलं? नोव्हेंबर २०१९ ची स्प्लेंडर प्लस म्हणजे बीएस फोर, बीएस सिक्स १ एप्रिल २०२० पासून सक्तीचं झालं आणि ही गाडी त्यात आली ती फेब्रुवारी २०२० ला, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन घेऊन. खाली वाकून बघितलं तर कार्ब्युरेटर लटकतोय समोर. मालक खोटं बोलत होता असंही नाही, त्याला कोणीतरी २०२० म्हणजे बीएस सिक्स असं सांगितलेलं आणि त्याने ते धरून ठेवलेलं. पण भाव करायला आपल्याला मुद्दा मिळाला ना.

नंबर खोडलेला आहे का हे कसं ओळखायचं? अक्षरांची खोली आणि उंची एकसारखी आहे का बघा, ओळ सरळ आहे का, आणि फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग मारलाय का. बाकी फ्रेम दहा वर्षं जुनी आणि नंबरची जागा चकचकीत, तर संशय घ्या. सगळ्यात भारी उपाय म्हणजे चेसिस प्रिंट. पेठ रोडला आरटीओच्या बाहेर एजंट लोक करतात तेच, एनओसी, ट्रान्सफर असल्या कामांना लागतं. पेन्सिल आडवी धरून नंबरवर घासायची, ग्रॅफाइट चांगलं बसू द्यायचं, वर सेलोटेप दाबून चिकटवायची, नखाने घासायची आणि हळूच उचलून पांढऱ्या कागदावर लावायची. नंबर कागदावर येतो, आणि नुसत्या डोळ्याला जे दिसत नाही ते पण येतं, कानसची बारीक रेघ, आठच्या आत लपलेला तीन, सगळं. पहिल्या वेळी टेप वाकडी लागते, दोन-तीनदा करा. आणि गंजाने नंबर खरंच गेला असेल तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून ठोकून घेऊ नका, आरटीओची परवानगी काढूनच करायचं काम आहे ते.

मग प्रिंट, आरसी आणि इन्शुरन्स पॉलिसी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं. हे मी स्वतः खाल्लेल्या मारावरून सांगतोय. माझ्या स्वतःच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बुक करायला बसलो, तिथं चेसिसचे आणि इंजिनचे शेवटचे पाच आकडे मागतात, मी फ्रेमवरचे बघून टाकले तर जुळेना. तीनदा टाकले. शेवटी आरसीवरचे टाकले तर लगेच घेतलं. म्हणजे माझ्या आरसीवर आठच्या जागी तीन, आणि सहा वर्षं मला पत्ता नाही. शोरूमवाल्याने फाइल करताना चुकीचा टाइप केलेला, तोच पुढं पॉलिसीत पण गेला. सहा वर्षं मी ज्या इन्शुरन्सचे पैसे भरले तो कागदावर दुसऱ्याच गाडीचा होता म्हणा ना. नशीब, फॉर्म २१ (शोरूमचा विक्रीचा दाखला) आणि कंपनीचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) घरात ट्रंकेत सापडले, त्यावर नंबर बरोबर होता, त्याच्या जोरावर दुरुस्ती झाली, गाडी नेऊन दाखवावी लागली, चेसिस प्रिंट द्यावी लागली. म्हणून हे दोन कागद टाकून देऊ नका.

परिवाहन या सरकारी साइटवर पण बहुतेक कामाला गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच मागतात, तेव्हा फ्रेमचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवाच. फक्त गाडी विकायला काढली की पूर्ण नंबराचा फोटो जाहिरातीत टाकू नका, शेवटचे पाच झाका, ज्याला खरंच घ्यायची तो येऊन बघेल. रिकॉलच्या वेळी पण हाच नंबर लागतो. मे २०२१ ला रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी जवळपास २ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या, डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मधल्या, आता आपली त्यात येते का हे नुसतं 'माझी २०२१ ची' म्हणून कसं कळणार.

स्प्लेंडर शेवटी सेहेचाळीस हजाराला बसली. पोरगा खुश, पण आता जिथं बाइक दिसेल तिथं वाकून हँडलखाली बघतो. परवा गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो तर पार्किंगमध्ये कोणाच्या तरी पल्सरखाली टॉर्च मारत बसला, वॉचमन येऊन विचारतो, काय भाऊ, चावी पडली का?