जळगाव-धुळ्याच्या बास्केटबॉल गार्डला परदेशी क्लबात खेळायचं असेल तर

खानदेशात परदेशी क्लबाचं नाव काढणारी बहुतेक पोरं गार्ड (चेंडू हाताळणारा, रिंगपासून लांब खेळणारा खेळाडू) असतात, आणि बाजारात सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तिथेच आहे. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात, आणि गार्डच हवा असला तर क्लबासमोर अमेरिकन कॉलेजांतून बाहेर पडलेल्यांची रांग उभी असते. भारतातून गेलेली नावं बघा. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या 2015 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 52 व्या क्रमांकावर निवडला गेलेला सतनाम सिंग आणि 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्ज क्लबाकडे गेलेला अमृतपाल सिंग हे दोघेही उंचेपुरे सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे. बाहेरून खेळणाऱ्यांत त्याच वर्षी ॲडलेड थर्टीसिक्सर्सने करार दिला तो विशेष भृगुवंशीला, म्हणजे भारताच्या तेव्हाच्या कर्णधाराला. त्यामुळे सहा फुटांच्या आतबाहेरच्या गार्डने पहिल्या दमात मोठी लीग धरू नये. युरोपातल्या खालच्या डिव्हिजन किंवा ऑस्ट्रेलियातली एनबीएल वन (तिथली दुसऱ्या फळीची लीग) हे पहिलं दार. तिथेही विकायला एकच गोष्ट हाताशी असते: चेंडू हातात असताना घेतलेला निर्णय.

सुरुवात मैदानापासून करा. फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) थ्री-पॉइंटची रेषा 2010 मध्ये 6.25 मीटरवरून 6.75 वर नेली, पण शाळा-कॉलेजांच्या सिमेंटच्या कोर्टवर जुनीच रेषा पुन्हा पुन्हा रंगवलेली सापडते. टेप घेऊन मोजा. माप बोर्डापासून घ्यायचं नाही. रिंगच्या मध्यातून दोरीला दगड बांधून सोडा. तो टेकतो त्या बिंदूपासून 6.75 मीटर. हा बिंदू एंडलाइनच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवा. कॉर्नरमध्ये रेषा साइडलाइनपासून 90 सेंटिमीटर आत सरळ धावते, म्हणजे तिथे अंतर 6.60 मीटर पडतं. रिंगची उंचीही तपासा, 3.05 मीटर. सिमेंटवर सिमेंट चढवलेल्या कोर्टवर ती कमी भरते, आणि अशा रिंगवर घोटलेला शॉट खऱ्या रिंगवर आखूड पडतो.

आता खरं काम, पिक अँड रोल: सहकारी उभा राहून तुमच्या डिफेंडरची वाट अडवतो (स्क्रीन) आणि मग रिंगकडे वळतो (रोल). युरोपातला कोच व्हिडिओत हेच बघतो. स्क्रीन घेतल्यावर समोरचा उंच खेळाडू काय करतो यावर उत्तर ठरतं. तो मागे रिंगजवळ थांबला, तर आपल्या डिफेंडरला पाठीवर अडकवून वेग कमी करा. दोन संथ ड्रिबलमध्ये फ्लोटर (उंच उडवलेला हलका शॉट), पुल-अप (जागीच थांबून घेतलेला शॉट) किंवा रोल करणाऱ्याला खालून पास, यातलं एक ठरवा. तो अंगावर बाहेर आला, तर दोन ड्रिबल मागे ओढून त्याला रिंगपासून लांब न्या आणि मधल्या मोकळ्या माणसाला द्या. डिफेंडर स्क्रीनच्या खालून गेला की तिथल्या तिथे थ्री. आपली पोरं चुकतात ती वेगात. स्क्रीन संपायच्या आत सुसाट सुटतात, डिफेंडर पाठीवर राहतच नाही आणि एका जादा माणसाचा फायदा हातचा जातो. रोज दोन्ही हातांनी, तिन्ही प्रकारांवर शंभर वेळा. समोर उंच माणूस नसेल तर मित्राला हातात झाडू देऊन उभा करा.

नियमांतलेही काही बारकावे अंगवळणी पाडा. फिबात टाइमआउट फक्त कोचच्या बाजूने मागितला जातो. एनबीए बघून कोर्टवरून हात दाखवणाऱ्या गार्डला तो मिळत नाही. चेंडू 8 सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा. शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत) 24 सेकंदांचं, पण आपला शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा आपल्याकडेच आला तर 14. पाच फाउलवर बाहेर, एनबीएसारखं सहावर नाही.

उन्हाचं एक. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर असताना सराव पहाटे साडेपाचला लावा आणि आधी-नंतर वजन करा. जितके किलो घटलं, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, मीठ-लिंबू घालून.

व्हिडिओ दोन प्रकारचा लागतो: तीन-चार मिनिटांची निवडक कापणी आणि दोन सामने पूर्ण, न कापता. कॅमेरा अर्ध्या रेषेच्या समोर, उंचावर, दहाही खेळाडू दिसतील असा. जर्सीचा नंबर वाचता यायला हवा. पूर्ण सामन्यात तुमचे टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) दिसतील, दिसू द्या. नुसते डंक (उडी मारून रिंगमध्ये ठोकलेले चेंडू) आणि ढोलताशांचं संगीत लावलेली क्लिप कोच अर्ध्यात बंद करतो.

एजंट घ्यायचा तर फिबाचा परवाना असलेला, नाव फिबाच्या यादीत स्वतः तपासून. त्याची फी साधारण पगाराच्या 10 टक्के असते आणि बहुतेक वेळा क्लब देतो. ‘नोंदणी’ किंवा ‘ट्रायल फी’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला तिथेच रामराम करा.

देश बदलताना आधीच्या फेडरेशनचं लेटर ऑफ क्लिअरन्स (ना-हरकत पत्र) लागतं. भारतात नोंदणी असेल तर नव्या देशाची फेडरेशन ते बीएफआयकडे (भारताची बास्केटबॉल फेडरेशन) मागते. 18 वर्षं पूर्ण होण्याआधी अपवाद वगळता अशी बदली होत नाही, म्हणून बारावीतल्या पोराला युरोपचं आमिष दाखवणाऱ्यापासून पालकांनी सावध राहावं. व्हिसाचंही तसंच. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळणं वेगळं आणि क्लबाकडून पगार घेणं वेगळं.

करारात पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी शोधा. रक्कम कर कापून हातात येणारी आहे का; घर, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि विमा कोणाकडे; दुखापत झाली तर पगार चालू राहतो का; हप्ता ठरावीक दिवसांहून जास्त लांबला तर करार मोडून मोकळं होता येतं का. खालच्या लीगमध्ये पैसे थकणं ही नेहमीची बाब, म्हणून बॅटचं कलम हवंच. बॅट म्हणजे जिनिव्हातलं बास्केटबॉल लवाद मंडळ, 2007 पासून चालू. त्याचं तयार कलम संकेतस्थळावर आहे, ते शब्दशः घाला. करारात ते नसेल आणि क्लबही तयार नसेल तर तुमची तक्रार तिथे उभी राहत नाही. निकाल न पाळणाऱ्या क्लबावर फिबा नवे परदेशी खेळाडू घेण्याची बंदी घालू शकते, म्हणून क्लब या कलमाला घाबरतात. पोचल्यावर वैद्यकीय तपासणी असते. करार तिच्यावर अवलंबून असेल तर ती किती दिवसांत व्हायची तेही लिहून घ्या, नाहीतर महिनाभर फुकट सराव करून घेऊन परत पाठवतात.

आयकराचा हिशेब आर्थिक वर्षावर चालतो. ऑगस्टच्या मध्याला निघालात तर एप्रिलपासूनचे भारतातले दिवस साडेचार महिन्यांचे, 182 च्या आत, आणि नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला हीच मर्यादा लागते, म्हणून त्या वर्षी तुम्ही अनिवासी. पण मेमध्ये परतून पुढचा करार मिळाला नाही तर त्या वर्षी तुम्ही पुन्हा रहिवासी. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकडे कर भरल्याचा दाखला सीएला द्यायला जपून ठेवा.

पावडर आणि गोळ्यांबाबत क्लबच्या डॉक्टरशिवाय काहीही नाही, गावच्या वैद्याचा काढासुद्धा. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी घातलेल्या पदार्थांची यादी दर 1 जानेवारीला बदलते.

सीझन संपला की परतीचं क्लिअरन्सही विसरू नका. भारतात पुन्हा खेळायला तिकडच्या फेडरेशनचं पत्र लागतं, आणि विमानात बसण्याआधी ते क्लबाकडून हलवलं नाही तर घरी बसून ईमेल पाठवत बसावं लागतं.