गोळ्यांची स्ट्रिप कुठून फोडली?

क्राइम मालिकेचा भाग लिहायला बसले की माझा पहिला कागद मरणाऱ्या माणसाच्या सवयींचा असतो. खुनी ठसे पुसतो, जबाब पाठ करून ठेवतो. पण दुसऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या बारीकसारीक गोष्टी त्याला ठाऊक नसतात. धागा तिथेच पेरायचा.

समजा, एक निवृत्त शिक्षक आहेत. रक्तदाबाची गोळी रोज रात्री घेतात, स्ट्रिप एका कडेने ओळीने फोडत. पहिल्या भागात मुलाशी फोनवर भांडता भांडता ते गोळी काढतात. प्रेक्षकाचे कान भांडणातच राहू द्या आणि हाताचा क्लोज-अप लिहू नका. तो दिसला की मुरलेला प्रेक्षक लगेच सावध होतो. पुढे एकदा स्ट्रिप टेबलावर नुसती पडलेली दिसू दे. मग मृत्यू, आणि तीच स्ट्रिप मधूनच, कोपऱ्यातून, कशीही फोडलेली. गोळ्या त्यांनीच जास्त घेतल्या असं भासवायला दुसऱ्याच कुणाचा तरी हात लागलाय.

इथे पुष्कळ जण घाई करतात. तपास अधिकाऱ्याने पहिला भाग पाहिलेला नाही! सवय त्याला कळायला वाट हवी. ड्रॉवरमध्ये दुसऱ्या औषधाची अर्धी स्ट्रिप ठेवा, तीही ओळीनेच फोडलेली. तो दोन्ही शेजारी शेजारी ठेवेल. स्पष्टीकरणाचा संवाद लागणारच नाही.

'मागील भागात' कापणाऱ्या एडिटरशी आधीच बोला. भांडण घ्या, हात फ्रेमबाहेर ठेवा. तिथे स्ट्रिप दिसली तर आठवडाभर जपलेलं रहस्य अर्ध्या मिनिटात फुटतं.

शूटिंग सीनच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे प्रत्येक सीनच्या मथळ्याखाली किती गोळ्या शिल्लक आणि कुठल्या, हे लिहा. आर्टवाले तशा स्ट्रिप तयार ठेवतील, कंटिन्युइटी पाहणारा फोटो काढून ठेवेल.

शास्त्राशी तडजोड मला अजिबात चालत नाही. रक्त वाळलं की तपकिरी होतं, दुसऱ्या दिवशीचा डाग लालभडक दाखवू नका. मृतदेह साधारण २ ते ४ तासांत जबड्याकडून ताठरू लागतो, १२ तासांच्या सुमारास पूर्ण ताठ होतो आणि पुढे पुन्हा सैल पडतो. उष्ण हवेत हे सगळं लवकर घडतं. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून तो वाळवून कागदी पाकिटात भरतात. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस क्षणात कोसळत नाही. सीसीटीव्हीत जे टिपलंच गेलं नाही, ते चित्र कितीही मोठं केलं तरी उमटत नाही.

ड्राफ्ट झाला की एकदा फक्त खुन्याच्या बाजूने वाचा. तो खोलीत कुठून आला, कशाला हात लावला, दिवा कुणी बंद केला? जिथे उत्तर सापडत नाही, तो सीन पुन्हा लिहायला घ्या.