दुहेरी वापराच्या मोटारसायकलसाठी सिलिंडरचा लेप आणि टायर कसे निवडावेत

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन उघडण्यापूर्वी सिलिंडरच्या आत बिडाचा लायनर (आतले अस्तर) आहे की ॲल्युमिनियमवर चढवलेला लेप, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत फसवी आहे, कारण लेपातील निकेलही चुंबकाकडे ओढले जाऊ शकते.

बिडाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली गोल पोकळी, झिजला तर तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइज, म्हणजे तेवढाच मोठा पिस्टन बसवता येतो. ॲल्युमिनियमवरच्या निकासिल या लेपाचे गणित वेगळे आहे. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ साली वँकेल (फिरत्या रोटरच्या) इंजिनासाठी विकसित केलेल्या या लेपात निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण असतात. तो अतिशय कठीण असतो, आणि जाड लायनर मध्ये नसल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. मात्र त्याची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असल्याने नेहमीसारखे बोअरिंग केल्यास लेपच निघून जातो. सिलिंडर उजेडात धरून भिंतीवरून नख फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा असल्यास किंवा लेप उडून खालचे ॲल्युमिनियम दिसत असल्यास जुना लेप काढून नवा चढवून घ्यावा किंवा सिलिंडर बदलावा. पिस्टन घासून चिकटलेले ॲल्युमिनियम हा लेपाचा दोष नव्हे. ते काढल्यावर खालचा लेप पुष्कळदा शाबूत निघतो, म्हणून घाईने सिलिंडर भंगारात काढू नये. पिस्टनच्या रिंगा त्या लेपाला चालणाऱ्याच घ्याव्यात आणि बोअरमध्ये ठेवून त्यांच्या टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावी.

एवढे करूनही एअर फिल्टर नीट बसला नाही, तर आत गेलेली धूळ लेप आणि रिंगा दोन्ही खाते. कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने फिल्टरची तपासणी किलोमीटरवर नव्हे, धुळीवर ठरवावी.

टायर निवडताना आपण प्रत्यक्षात किती कच्च्या वाटेवर जातो, याचा प्रामाणिक हिशेब करावा. बहुतेकांचा अंदाज फुगलेला असतो. मोठ्या, विरळ रबरी गुटक्यांचा टायर चिखलात पकड देतो, पण डांबरावर लवकर झिजतो, गुणगुणतो आणि ओल्या वळणावर कमी भरवशाचा ठरतो. पुढे अधिक खडबडीत आणि मागे मध्यम नक्षीचा टायर ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण चिखलात पुढचे चाक घसरले की गाडी सावरणे अवघड जाते, तर मागचा टायर इंजिनाच्या ओढीने तसाही आधी संपतो. टायरवरील वेगाचे अक्षरही पाहावे: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, टी म्हणजे १९०.

कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. मात्र फार कमी केल्यास दगडावर आदळून रिम वाकते किंवा ट्यूब चिमटून फाटते. म्हणून सोबत पंप आणि प्रेशर गेज ठेवावा व डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी, टायर गार असताना, हवा पुन्हा मॅन्युअलमधील आकड्यावर आणावी.